खेडच्या कोर्टातून परस्पर सासरी

"मॅडम, त्यो बदलीचा अर्ज मागं घेता यील का?"

नवनाथने हे विचारलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीचा हा माझा पक्षकार. दीड वर्षं एकच रडगाणं गायचा, "दोन दोन कोर्टं, मॅडम, लई वढाताण व्हती." म्हणून मी खपून अर्ज तयार केला, दाखल केला, नोटिसा निघाल्या, आणि आता हा म्हणतो मागे घ्या. मी चांगलीच तडकले.

"कोर्ट म्हणजे पोरखेळ वाटला का तुला?"

तो मान खाली घालून निघून गेला.

आता हा बदलीचा अर्ज काय ते सांगते. प्रत्येक कोर्टाला हद्द असते. जुन्नरचं कोर्ट जुन्नर तालुक्याचं काम बघतं, घोडेगावचं आंबेगाव तालुक्याचं. नवराबायकोच्या भांडणात मात्र बाई जिथे राहते तिथेही तिला दाद मागता येते. नवनाथची बायको सुवर्णा माहेरी होती, आंबेगाव तालुक्यात मंचरजवळ. त्यामुळे 'बायकोने नांदायला यावं' हा त्याचा दावा जुन्नरला आणि तिचा पोटगीचा अर्ज घोडेगावला. एका तालुक्यातलं काम दुसऱ्या तालुक्यात न्यायचं तर खेडला, म्हणजे राजगुरुनगरच्या वरच्या कोर्टात, अर्ज द्यावा लागतो. घोडेगावचं काम जुन्नरला आलं की एका हेलपाट्यात दोन्ही तारखा उरकतील, असा माझा सरळ विचार.

भांडणाचं मूळ ऐकाल तर हसाल. सुवर्णा भावाच्या लग्नाला माहेरी गेली. त्या लग्नात नवनाथच्या वडिलांना, किसनतात्यांना, फेटा बांधायचा राहून गेला. तात्या न जेवता उठले. लग्न उरकलं, पण सुनेला न्यायला पिंपळवंडीहून कोणी गेलं नाही. तिचे वडील दगडूअण्णाही हट्टाला पेटले. न्यायला आल्याशिवाय लेक धाडायची नाही! आमच्याकडे या गोष्टीला फार महत्त्व. न्यायला जाणारा झुकला असं मानतात, आणि लेक आपणहून आणून सोडणाराही झुकला. दोन्ही व्याही झुकेनात, तेव्हा आम्ही वकील मधे आलो.

पुढची तारीख घोडेगावची होती. त्या दिवशी मी जरा लवकर पोहोचले. कोर्टाच्या अलीकडच्या वळणावर नवनाथची मोटरसायकल थांबलेली दिसली. मागून एक बाई उतरली, तोंडाला बांधलेला स्कार्फ तिने सोडला. बघते तर सुवर्णा! म्हणजे आमची विरुद्ध पक्षकार. तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, हातात डबा दिला आणि पुढे चालत गेली. थोड्या वेळाने तोही आला. कोर्टाच्या व्हरांड्यात एक या टोकाला उभा, एक त्या टोकाला. दोघांचे चेहरे असे, की जन्माचं वैर आहे.

काम संपल्यावर मी नवनाथला बाजूला घेतलं.

"हे कधीपासून चाललंय?"

तो लाजून लालेलाल. "दुसऱ्या तारखेपास्नं. तिला घरनं एकटीला कुटंच सोडत न्हाईत. फकस्त कोर्टाला सोडत्यात. तुमी दोन्ही कामं एका दिवसावर आणली तर आमी भेटायचं कवा?"

मला हसू आलं. पक्षकाराची सोय बघता बघता मी त्यांच्या निम्म्या भेटी बुडवायला निघाले होते.

"अरे, मग सरळ घरी का नेत नाहीस?"

"मी आणायला गेलो तर तात्या मला दारात उभं करणार न्हाईत. ती आपणहून आली तर अण्णा पुन्ना तिचं तोंड बघणार न्हाईत. आन् घरात आता काडीमोडाचं बोलणं निघालंय, मॅडम."

हे खरं संकट होतं. लवकरच साक्षी सुरू व्हायच्या होत्या. शपथेवर एकमेकांच्या विरुद्ध बोलायची वेळ आली की गोडीत असलेली माणसंही तुटतात. मी ते पाहिलेलं आहे.

मी तात्यांना ऑफिसात बोलावलं. म्हटलं, घोडेगावच्या कोर्टात समझोता करू आणि सुनेला घेऊन या.

"घोडेगावात? म्हंजे आमीच आंबेगावात न्यायला गेलो की! जमायचं न्हाई."

सुवर्णाचे वकील ढोबळे भले गृहस्थ. त्यांनी अण्णांना विचारलं, जुन्नरला मिटवायचं का?

"जुन्नरला? म्हंजे लेक आणून सोडली. नाय."

कायद्यातली हद्द मी पुस्तकात शिकले होते. या दोघांची हद्द त्याहून कडक निघाली. दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग एकदम ट्यूब पेटली. खेड! ते ना जुन्नरात ना आंबेगावात. तिथली तारीख माझ्याच अर्जामुळे पडलेली होती. मी ढोबळ्यांना फोन लावला. ते इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

तारखेला दोन्ही व्याही खेडला हजर, पण बसले पाठीला पाठ लावून. पुकारा झाला. जज्जसाहेबांनी विचारलं, "अर्जदाराला नक्की काय हवंय?"

मी तोंड उघडायच्या आत नवनाथ बोलून गेला, "बायको, साहेब."

सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी सुवर्णाकडे पाहिलं.

"मला कुटलंच कोर्ट नको. मला घरी जायचंय," ती म्हणाली.

साहेबांनी दोन्ही वडिलांना पुढे बोलावलं. तात्या घसा साफ करत म्हणाले, "आमी न्यायला आलो न्हाई, साहेब. कोर्टानं बोलावलं म्हणून आलोय."

अण्णा लगेच म्हणाले, "आमी बी सोडायला आलो न्हाई. कोर्टाच्याच बोलावण्यानं आलो."

"कोर्टाने बोलावलं होतं, हे खरं आहे," साहेब अगदी गंभीरपणे म्हणाले. "मग मुलगी इथून परस्पर गेली तर दोघांची हरकत नाही ना?"

दोघांनी एकाच वेळी माना डोलावल्या. दोन्हीकडची कामं मागे घेण्याच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या.

बाहेर आलो आणि अण्णा मधेच थांबले. "आरं, पण हिची कापडं तर घरी हायेत. ती न्यायला येणार का कुणी?"

तात्यांचा चेहरा पुन्हा ताठ. एवढं जुळवलं ते आता एका बोचक्यापायी मोडतंय की काय!

"ऱ्हाऊ द्या, अण्णा," सुवर्णा जमिनीकडे बघत म्हणाली. "साड्या कवाच तिकडं गेल्यात. दर तारखेला एकेक."

तात्या गर्रकन पोराकडे वळले. "आन् ठिवल्यास कुटं?"

"आईच्या कपाटात," नवनाथ म्हणाला. "आईच घड्या घालून ठिवती."

तात्या असे खदखदून हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. अण्णांनाही हसू आवरेना. दोघे व्याही तिथल्याच टपरीवर चहाला गेले आणि आधी पैसे कोणी द्यायचे यावरून पुन्हा भांडले. तोवर मोटरसायकल पिंपळवंडीच्या रस्त्याला लागली होती. इतकं हलकं मला कुठला दावा जिंकूनही वाटलेलं नाही.

माझा अर्ज 'मागे घेतल्याने निकाली' निघाला. नवनाथने तेच तर मागितलं होतं. हल्ली कोणी पक्षकार तारखांना कंटाळलो म्हणाला, की अर्ज लिहायला घेण्याआधी मी विचारते, "कोर्टाला येतोस कुणाबरोबर?"