पिसवांची मावशी

"पावणं, पाय दाखवा."

मांजराला नाहीतर कुत्र्याला औषध मागायला आलेल्या माणसाला मावशी पहिल्यांदा हेच म्हणायची. मग काउंटरवरून वाकून बघायची. घोट्यावर लाल ठिपके दिसले की पिसवा नुसत्या जनावरावर नाहीत, घरभर झाल्यात, हे तिला कळायचं. बूटवाले सायब लोकसुद्धा गपगुमान मोजे खाली करायचे. तुमच्यातल्याही कुणी केले असतील.

गंगावेशीत तिचं जनावरांच्या औषधाचं दुकान होतं. मी तिच्यापेक्षा वयानं मोठा, तरी मावशीच म्हणायचो. सगळेच म्हणायचे. ती मला मामा म्हणायची.

दुकानदार म्हणून बाई बिनकामाची. महाग माल मागा, विकायचीच नाही. एका पोरीनं कुत्र्याला परदेशी पट्टा आणि वासाचा शाम्पू मागितला. मावशी म्हणाली, "लगीन हाय का कुत्र्याचं? वजन सांग. त्या मापाचं औषधाचं थेंब दर महिन्याला मानंवर टाक, अंथरूण धू. एवढ्यात भागतंय की."

माझी बायको गेली आणि मागं तिचं मांजर राहिलं. मला मांजराचं कौतुक कधीच नव्हतं. पण तिचं म्हणून ठेवलं. मग घरात पिसवा झाल्या, नातीच्या पायावर फोड उठले. पोरगा म्हणाला, "आबा, पिसवा जात न्हाईत तर मांजर पन्हाळ्याच्या वाटंला सोडून येतो."

आमची म्हस विकली होती, पण तिची गोचडाच्या औषधाची बाटली उरली होती. मी मावशीला विचारलं, "मांजराला किती घालू?"

"घाला की. संगं खड्डाबी खणून ठेवा."

"का?"

"मांजर अंग चाटतंय, मामा. म्हशीचं औषध त्याला इख. कुत्र्याचंबी चालत न्हाय."

तिनं मांजराच्या औषधाची बारकी नळी दिली, त्यातली स्वस्तातली. जीभ पोचत नाही तिथं, मानेमागं, टाकायला सांगितलं.

थोडे दिवस बरं गेलं. परत पिसवा. मी भांडायलाच गेलो.

"तुझं औषध खोटं हाय."

"मांजर निजतंय कुठं?"

"वाकळंवर."

"धुतली?"

मी मान हलवून नाही म्हणालो.

"पिसवांची अंडी तिथंच पडत्यात. कडकडीत पाण्यात घाला तिला."

मी निघायला वळलो. मावशीनं माझ्या तोंडाकडं बघितलं, शटर ओढलं आणि माझ्यासंगं घरी आली.

वाकळ बायकोनं स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. आजारपणात तीच अंगावर घ्यायची. तिचा वास होता त्यात, म्हणून मी पाणी लागू दिलं नव्हतं. हे पोरालासुद्धा सांगितलं नव्हतं. मावशीला सांगितलं.

तिनं वाकळ उचलून नाकाला लावली.

"मामा, वाईट वाटून घिऊ नका. ह्याला मामींचा वास न्हाय. मांजराचा हाय."

मी हुंगून बघितलं. खरंच की. इतके महिने मी मांजराचा वास घेऊन रडत होतो. मला हसूच आलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

मावशी म्हणाली, "मामी असत्या तर लाटणं घिऊन पाठी लागल्या असत्या."

मग पाणी तापवलं, वाकळ भिजवली, बडवली. पिळायला एका टोकाला ती, एका टोकाला मी.

"जोर लावा, मामा. टाकं पक्कं हाईत मामींचं, तुटत न्हाईत."

उन्हात वाळवली. मांजराच्या मानेमागं परत थेंब टाकले. पिसवा गेल्या, मांजर राहिलं.

मावशी गेल्या थंडीत वारली. दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात.

वाकळ मी अजून धुतो. पोरगा कागलच्या एमआयडीसीत कामाला, सून शाळेत. ओली वाकळ एकट्या माणसाला पिळता येत नाही. म्हणून तशीच भिंतीवर टाकतो. ती दिवसभर निथळत राहते. मांजर खाली बसून, कधी वाळते म्हणून वर बघत असतं. मी पण शेजारी बसतो.