घड्याळ चावणारे नाना

नाना घड्याळ चावायचे. जुनं, साखळीचं, खिशात ठेवायचं घड्याळ हातात आलं की आपण ते कानाला लावू. नाना ते सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, पुढच्या दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा बिस्कीट खातोय आणि ते काही केल्या तुटत नाहीये. गल्लीतली पोरं त्यांना 'घड्याळचावे' म्हणायची. नानांना ते ऐकूच येत नसल्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं.

भिवंडीत कान हे जन्मभर टिकणारं सामान नाही. नानांची सगळी हयात पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेली. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग पुन्हा चालता करणारा माणूस. त्या खडखडाटात कान गेले आणि पाठोपाठ छातीत कापूस बसला. 'कान मालकाला दिले, दात माझ्याकडे ठेवले,' असं ते म्हणायचे आणि स्वतःच मोठ्यांदा हसायचे. बाहेरचा आवाज पोचत नसला, तरी दातांच्या हाडातून टिकटिक आत जाते, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं. ठोका सरळ पडला की ते बोट वर करून सांगायचे, "चालू आहे. माणूस ठीक आहे."

घड्याळाला माणूस म्हणायची ही सवय मला आधी चाळा वाटायची. मी त्यांच्या शेजारचा शाळामास्तर, चुका काढायची खोड लागलेली. पण रविवारी माझ्याच स्कूटरवर मागे बसून ते मानकोलीकडच्या भंगाराच्या गोदामांत जायचे, त्यामुळे मलाही सगळं ऐकावं लागायचं. बंद पडलेली घड्याळं आणून ते घरी चालती करायचे, पण त्यांना हवी असायची ती फक्त बाणाची. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं फौजेला जी घड्याळं दिली, त्यांच्या पाठीवर एक छोटा बाण ठोकलेला असायचा. बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. लढाई संपल्यावर ती पोत्यांनी विकली गेली. कुणी डबीचा धातू वितळवला, कुणी आतलं मशीन दुसरीकडे बसवलं, आणि उरलेली फिरत फिरत भंगारात आली. काट्यांवरचं रेडियम विझलेलं, काच पिवळी पडलेली. नाना पाठीवरचा बाण अंगठ्यानं चाचपायचे आणि भंगारवाल्याला न चुकता विचारायचे, "आदमी किधर गया इसका?"

"नाना, भंगार में आदमी का पता नहीं आता," तो कपाळाला हात लावून म्हणायचा. आणि मग मला त्यांच्या तोंडासमोर सावकाश ओठ हलवून तेच मराठीत सांगावं लागायचं.

मुंबईहून कधी कधी हौशी संग्राहक यायचे. त्यांना सगळं चकचकीत लागायचं. नाना ओरखड्याला हात लावू द्यायचे नाहीत. "हा ओरखडा त्यानं पाडलाय. तुम्ही कोण पुसणारे?" असं म्हणून ते घड्याळ परत कपाटात ठेवायचे. चहा मात्र पाजायचे. माणूस तिरसट होता, पण दारात आलेल्याला उपाशी धाडणारा नव्हता.

चांगुणाबाय त्यांच्याकडे आली ती शेलारच्या पुढच्या एका गावातून, नातवाबरोबर. ऐंशी ओलांडलेली, काटकुळी, नेसूचं लुगडं घट्ट बांधलेलं. कमरेच्या पिशवीतून तिनं फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ काढलं. पाठीवर बाण होता. एरवी नानांचे डोळे चमकले असते. पण बाई बोलायला लागली आणि ते तिच्या ओठांकडे बघत राहिले.

तिचा बाप फौजेत ड्रायव्हर होता. ती पाळण्यात असताना सुट्टीवर आला. जाताना घड्याळ बायकोच्या हातात देऊन गेला. रोज चावी देत जा म्हणाला, मी येतो. मग सरकारचा कागद आला की तो ब्रह्मदेशात बेपत्ता आहे. मेला असं सरकारनं कधी कळवलंच नाही. तिच्या आईनं रोज सकाळी कुंकू लावलं आणि घड्याळाला चावी दिली. घड्याळ चालतंय तोवर धनी आहे, असा त्या घराचा नेम. मधे कधी बंद पडलं, तर घड्याळ 'आजारी' आहे म्हणायचे आणि माणूस दवाखान्यात न्यावा तसं घड्याळजीकडे पळवायचे. तोवर घरात गोडधोड बंद. आई म्हातारी होऊन गेली ती सवाष्ण म्हणून, हिरवं लुगडं नेसून, ओटी भरून. पुढे चावी लेकीकडे आली.

"सरकारी घड्याळ घरी ठेवून गेला म्हणजे परत यायचंच होतं त्याला," नाना मला म्हणाले.

पणतवंडाच्या हातून घड्याळ दगडी उंबऱ्यावर पडलं होतं. जुना घड्याळजी वारला होता, आणि त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळत होती. चांगुणाबाय म्हणाली, "मना ठावं हाय, तो आता शंभराच्या वर. येनार न्हाय. पन मी हाय तवर चालू दे. माझ्या हातानं त्याला मारू नको."

नानांनी मागचं झाकण उघडलं. आतल्या चाकाचा आस मोडला होता, चाकं ज्यांवर फिरतात ते बारीक दगड फुटले होते. त्यांनी आपल्याकडची सगळी मशिनं पालथी घातली, गोदामं धुंडाळली, मुंबईत चोरबाजारापर्यंत जाऊन आले. काही जुळेना. शेवटी त्यांनी कपाटातलं स्वतःचं सगळ्यात लाडकं बाणाचं घड्याळ उघडलं, त्यातलं धडधाकट मशीन काढलं, थोडं घासून तिच्या डबीत बसवलं आणि वर तिचीच तबकडी लावली. दातांत धरलं, डोळे मिटले, बोट वर केलं. "तिला सांगायचं नाही," मला बजावलं. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. जिवंत बाप तिला परत मिळत होता, मग उगाच कशाला?

ती आली. घड्याळ हातात घेतलं, कुंकवाचं बोट लावलं आणि कानाशी नेलं. आम्ही दोघे पेढा मिळणार अशा चेहऱ्यानं बघत होतो. तिनं ते दुसऱ्या कानालाही लावून बघितलं. मग घड्याळ कानापासून दूर धरून तिनं विचारलं, "ह्यो कोन हाय?"

नानांना वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ह्यो माझा बा न्हाय," ती म्हणाली. "माझा जरा दम खात बोलतो. ह्यो कोन हाय?"

प्रत्येक घड्याळाचा आवाज वेगळा असतो, हे नाना विसरूनच गेले होते. दाताला ठोका कळतो, सूर कळत नाही. आणि ही बाई पाळण्यात असल्यापासून तोच एक सूर ऐकत आली होती. बापाचा दुसरा कुठलाच आवाज तिला ठाऊक नव्हता.

"आमचा कुठं हाय?" तिनं विचारलं.

नानांनी खण उघडला आणि कापसावर ठेवलेलं ते मोडकं मशीन तिच्या तळहातावर ठेवलं.

"मेला?"

नानांनी मान हलवली.

"कधी?"

"पडला तेव्हाच, बाय." नाना रडत होते. ती रडली नाही. तिनं मूठ मिटली आणि नातवाला म्हणाली, "चल. घरी सांगाया पायजे."

मी इतकी मयतं बघितली, पण तसलं मयत बघितलं नाही. देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गावात तसा पुतळा केला. चांगुणाबायनं त्याच्या छातीत ते मशीन ठेवलं आणि बाणाच्या डबीसकट सगळं घड्याळ वर ठेवलं. नानांचं मशीन तेवढं आधी काढून त्यांच्या हवाली केलं, दुसऱ्याचा माणूस आपल्या चितेवर नको म्हणून. अग्नी द्यायला नातू पुढे झाला. तिनं त्याला थांबवलं आणि नानांकडे बोट केलं. लोक कुजबुजायला लागले. ती म्हणाली, "एवढ्या वर्सांत सरकारनं सांगितला न्हाय, आयनं सांगितला न्हाय, गावानं बी न्हाय. ह्यानं सांगितला मेला म्हनून. ह्योच देल." नानांनी अग्नी दिला. पळसाची पानं भुर्रकन जळाली. इतकी वर्षं राखलेला माणूस, आणि विडी ओढून संपवावी तेवढ्यात संपला.

नानांनी मुंडण केलं, सुतक पाळलं. कशेळीच्या गोदामात सुपरवायझर असलेला त्यांचा मुलगा संतापला. "कोण कुठला शिपाई, आणि तुम्ही डोकं भादरून बसलात!" नाना त्याच्याशी भांडले नाहीत. पण त्यानंतर भंगारात घड्याळं शोधायला माझ्या स्कूटरवर ते कधी बसले नाहीत. मी चिडायचो, समजूत घालायचो, "अहो, घड्याळ होतं ते, नाना!" ते माझ्याकडे असे बघायचे, की मीच बहिरा. "मी एक माणूस मारला, मास्तर," एवढंच म्हणायचे. दिवाळीत मात्र चांगुणाबाय भाऊबीजेला यायची. त्यांना ओवाळायची, तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोड बोऱ्या खायला द्यायची. बापाला अग्नी दिला तो भाऊ, यात तिला शंका नव्हती.

छातीतला कापूस अखेर नानांना घेऊन गेला. सरकारी दवाखान्यातून देह आणला तेव्हा दुपार होती. मुलाला ड्युटीवरून एकच दिवस मिळाला होता, मानकोलीला ट्रॅफिक तुंबलेला, पाहुणे खोळंबलेले. "चला, उचला," सुरू झालं. बांबू खांद्याला लागणार तेवढ्यात नातवाच्या बाइकवरून चांगुणाबाय उतरली. तिनं गर्दी हातानं बाजूला केली. कुणीतरी म्हणालं, "आजी, उशीर झालाय, झाकलंय आता."

"सोड," ती म्हणाली. "बाचं तोंड बघाया मिलालं न्हाय. भावाचं तरी बघू दे."

मीच तोंडावरचं कापड काढलं. ती खाली बसली. तिनं नानांचं कपाळ, गाल, दाढीचे खुंट हातानं चाचपले आणि बघत राहिली. नानांचा मुलगा मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा थांबला. रस्त्यावर हॉर्न वाजत होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. पोटभर बघून झाल्यावर तिनं स्वतःच्या हातानं कापड परत ओढलं, माझ्या हाताचा आधार घेऊन उठली आणि माणसांना म्हणाली, "न्या."