पलीकडच्या टोकाची मेथी

पन्नाशी उलटली, आता कबूल करायला हरकत नाही. नव्वदच्या दशकात पंचवटीच्या बाजारात मी एका मेथीवालीशी रोज खोटं बोलायचो. "मावशी, त्या टोकाची बाई दीड रुपयाला देते," म्हणायचो. त्या टोकाला मी कधी गेलोच नव्हतो. ती जुडी गुडघ्यावर आपटून माती झाडायची आणि वर न बघता म्हणायची, "न्या दीडला." आपण तिच्या पोटावर पाय देतोय असं वाटून ती भाजी मला घरी गोड लागत नसे.

एकदा राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ती पदर तोंडाला लावून हसली.

"ती माझी जाऊ हाय, भाऊ. मेथी एकाच वावरातली. भाव सकाळी टेम्पोतच ठरतो, दीड. घासाघीस करणाऱ्याला दोन सांगतो."

"मग ती एवढ्या लांब का बसते?"

"तुमच्यासारखं गिऱ्हाईक रुसून गेलं, तरी घरातच राहतं."

आणि इतके दिवस मला वाटत होतं, भाव मी पाडतोय.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट दोन रुपये पुढे केले. तिने पहिल्यांदाच मान वर केली.

"बरं नाय का, भाऊ?" म्हणाली, आणि आठ आणे परत दिले.