न सांगितलेला डोह

कमल गेल्याचं तिच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी अर्धापूरहून आणलेल्या केळ्यांचे दोन वाटे करत होते. एक तिचा होता... मग वाटे करायचे राहूनच गेले.

मुखेडची कमल आणि मी नांदेडच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. मी मराठी शिकवायला लागले, ती मानववंशशास्त्र घेऊन मांजरेकाठच्या भोयांमध्ये रमली. नदीत जाळं टाकून पोट भरणाऱ्या त्या माणसांवर तिचा प्रबंध होता. ती परतली की खोलीभर मासळीचा वास. "पीएच.डी. करून राहिलीस का दुकान टाकून राहिलीस?" मी चिडवायचे. "टाकलं तर पहिलं गिऱ्हाईक तूच," ती म्हणायची.

लातूर जिल्हा नवा झाला त्या दिवसांत पावसानं दगा दिला. नदीची डबकी झाली. अशा वेळी भोई सगळ्यात खोल डोहात जाळं टाकत नाहीत. घरची चूल थंड असली तरी तिथली मरळ मासळी पुढच्या पाण्यासाठी बीज म्हणून राखतात. कमल ज्यांच्या ओसरीवर मुक्कामाला असे, त्या गंगूमावशीनं तिला तो डोह दाखवला. "लिव्ह समदं, पोरी. पर जागा लिहू नको. मासळीचा ठेकेदार उपसून नेईल." कमल 'हाव' म्हणाली.

तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं गेलं. डोह कुठे आहे? ती सांगेना. मग ही रीत खरी कशावरून मानायची, असं परीक्षक म्हणाले, आणि त्यांचंही काही चुकलं नव्हतं. प्रबंध परत आला. विद्यापीठातली जागा दुसऱ्याला गेली. मी भयंकर संतापले. "लिहून टाक अन् मोकळी हो. ठेकेदार कशाला वाचतोय तुझा प्रबंध?"

"तो न्हाई वाचणार. वाचणारा त्याला सांगल."

पुढे ते प्रकरण गाळून पदवी मिळाली, पण कमल जन्मभर अकरावी-बारावीलाच शिकवत राहिली. मला त्याचं वाईट वाटायचं. अजून वाटतं.

तिच्या जलदानविधीला गंगूमावशीचा मुलगा आला होता. तोही आता म्हातारा झालाय. कमलच्या खोलीत आम्ही दोघंच बसलो होतो. "डोह हाय अजून," तो म्हणाला. "औंदा बी राखला."

"कुठं आहे हो तो?"

"बाईंनी तुम्हाला सांगितलं न्हाई?"

"नाही."

"मग मी कसं सांगू, ताई?"

भिंतीला भोयांनी दिलेलं जाळं टांगलेलं होतं. त्याच्याखाली बसून, ती गेल्यापासून पहिल्यांदाच, मी पोटभर हसले.