टीपॉयवरच्या झाडाचे वैद्य

आमच्या मिठबावच्या घराभोवती आंब्याची कलमं, माड, फणस, जास्वंद, सगळं आहे. अशा घरात कुणी झाड भेट म्हणून आणेल असं मला वाटलं नव्हतं. होणाऱ्या सुनेनं आणलं. पांढऱ्या कुंडीत पीस लिली. "काकू, हे घरातच ठेवायचं. आठवड्यातून एकदा पाणी, आणि ते फक्त तुम्ही घालायचं," ती म्हणाली. मग हसली. "हे इथे रुजलं तर मीही रुजेन."

लग्न ठरलं होतं, राहायचं कुठे ते ठरत नव्हतं. दोघांचं काम लॅपटॉपवर, त्यामुळे मुंबईच हवी असं नव्हतं. मुलगा म्हणायचा, बघू. मला ती दोघं वरच्या खोलीत हवी होती. मी खोलीला रंग लावून घेतला, नवा पंखा लावला, इंटरनेटवाल्याच्या मागे लागून तार ओढून घेतली. खरं सांगते, घरात माणसं एकमेकांशी बोलताना ऐकायची मला फार हौस होती. आमचे हे बोलतात, पण त्याला बोलणं म्हणत नाहीत, भाषण म्हणतात.

तर ते झाड हॉलमधल्या टीपॉयवर बसलं. थोड्याच दिवसांत एका पानावर तपकिरी ठिपका आला, भोवती पिवळी कडा. मग शेजारच्या पानावर. आणि आमच्याकडे वैद्यकी सुरू झाली.

हे आंब्यातले माणूस. गावातले लोक पान तोडून ह्यांना दाखवायला आणतात. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान उजेडात धरलं आणि म्हणाले, "करपो आसा." करपा म्हणजे आंब्यावरचा बुरशीचा रोग. मी म्हटलं, "अहो, पण ह्यां आंबो नाय." त्यावर, "पान तां पान." कलमांवर मारायचं औषध पंपात थोडं उरलं होतं, ते ह्यांनी हॉलमध्ये मारलं. सोफ्याला आणि टीव्हीला त्या दिवसापासून आजतागायत करपा झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातली माझी जाऊ आली. "करपो नाय गो, कीड ती. पानां उलटी करून बघलंस?" उलटी करून बघितली. खाली ना जाळी, ना पांढरा कापूस, ना काही चिकट. कीड असती तर यातलं काहीतरी सापडलं असतं. "दिसत नाय म्हणजे बारीक आसा," जाऊ म्हणाली. यावर काय बोलणार, कपाळ? तिनं एकेक पान खोबरेल तेलानं पुसलं. नवरीच्या केसांसारखी चकाकली पानं. संध्याकाळपर्यंत रस्त्यावरची धूळ त्यांना येऊन चिकटली. शिवाय जाता येता तीही तांब्याभर पाणी घालायची, आणि हेही घालायचे. मी दोघांना सांगितलं, पाणी मी बघते. दोघांनी मान डोलावली आणि पाणी घातलं.

शेवटी मी फोनवरचं ते ॲप घेतलं. पानाचा फोटो दाखवला की रोग सांगतं. पहिल्या फोटोला म्हणालं, पाणी जास्त. दुसऱ्याला म्हणालं, पाणी कमी. तिसऱ्या फोटोत ह्यांचा अंगठा आला होता. त्यावर म्हणालं, खोड वाळलं आहे, पोषण द्या. तिन्हींत हे निदान मला सगळ्यात जास्त पटलं.

"मी काय सांगा होतंय? कायतरी कमी पडता तेका," हे म्हणाले. करपा तिथल्या तिथे रद्द. आणि त्यानंतर ठिपके राहिले बाजूला, पानांच्या कडाच जळायला लागल्या. टोकापासून आत, कोवळं पानसुद्धा सुटेना.

मुलगा आणि ती खोली बघायला येणार त्या सकाळी मी कुंडी पुसायला घेतली. मातीवर पांढरी खपली धरली होती. बोटानं उचलून जिभेवर ठेवली. मीठ.

"तुमी मीठ घातलात?"

"माडाक घालतंव तां काय उगाच? माड पिवळो पडलो की मुळात मीठ. बापाशीन घातल्यान, आज्यान घातल्यान."

माडाची गोष्ट खरी आहे. पण माड टीपॉयवर मावत नाही, एवढं तरी कळायला हवं होतं. सात सुगरणी, भाजी अळणी म्हणतात. आमच्याकडे दोनच, आणि कुंडी खारट.

ती दोघं आली. आधी वर गेली. खोली तिला आवडली, खिडकीतून माडांपलीकडचं पाणी दिसतं ते तर फारच. "इथे बसून काम होईल," असं ती मुलाला म्हणाली. मी जिन्यात उभी होते, मला ऐकू आलं. माझं काळीज सुपाएवढं झालं.

मग ती खाली आली आणि टीपॉयजवळ बसली. पान उलटं केलं, बोटं एकमेकांवर घासून तेल बघितलं, माती नखानं उकरली. "करपा होता. आता नियंत्रणात आहे," ह्यांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या मराठीत सांगितलं. दारातून जाऊ म्हणाली, "कीड हां ती."

"करपा नाही, कीडही नाही," ती शांतपणे म्हणाली. "पहिले ठिपके जास्त पाण्याचे असणार. नुसतं थांबला असतात तरी चाललं असतं." मग माझ्याकडे वळली. "काकू, फक्त तुम्हीच पाणी घालायचं, हे तुम्ही सांगितलं नाही का यांना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मग काय? या घरात मी सांगितलं म्हणून कुणी काही थांबवलंय, असं एकही उदाहरण मला देता येईना. तिनं माझ्याकडे बघितलं, मग वरच्या खोलीच्या जिन्याकडे बघितलं. जाताना कुंडी घेऊन गेली.

लग्नानंतर दोघांनी कणकवलीत भाड्यानं जागा घेतली. आमच्या वरच्या खोलीत आता नव्या पंख्याखाली आमसुलं वाळतात. लिलीची माती तिनं धुऊन बदलली, झाडाला नवी पानं आलीत, एक फूलही. आम्हाला बघायची परवानगी आहे. हात लावायची नाही.

गेल्या खेपेला त्यांच्याकडे निघताना ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात मला कागदाची पुडी दिसली. "थोडांच आसा," म्हणाले.

"ती हय ठेवा," मी म्हटलं, "नायतर मी एकटीच जातलंय, नि थंयच ऱ्हवतलंय."

ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पुडी काढून निमूट टीपॉयवर ठेवली, पूर्वी कुंडी असायची तिथे.