काहूनबाई आणि दिल्लीचा अंदाज

आमच्या बाई अंदाज ऐकला की भांडायलाच उठायच्या. मग तो शेजारच्या लग्नात किती पानं उठतील याचा असो, नाहीतर वीस वर्षांनी देशाला किती वीज लागेल याचा. अमरावतीच्या कॉलेजात त्या ऊर्जा नियोजन शिकवत. "काहून?", म्हणजे "का?", हा त्यांचा पहिला प्रश्न असे, म्हणून आम्ही त्यांना काहूनबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

देशाची पुढची मागणी ठरवणाऱ्या दिल्लीच्या समितीवर त्यांना घेतलं, तेव्हा कॉलेजात पेढे वाटले. बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि तक्ते मागवले. मी मदतीला होतो. आमच्याकडच्या खेड्यांची दुपारची मागणी त्यांत शून्य धरली होती. दुपारी तिथं भारनियमन. वीज नाही म्हणून वापर नाही, वापर नाही म्हणून गरज नाही, आणि पुढच्या वीस वर्षांचा आराखडाही त्याच शून्यावर उभा. बाई खवळल्या. "उपाशी माणसाचं ताट रिकामं दिसलं, तर त्याले भूकच नाही म्हणशीन का तू?"

मग त्यांनी अध्यक्षांना भर मे महिन्यात अकोल्याजवळच्या खेड्यात, आपल्या माहेरी जेवायला बोलावलं. भले गृहस्थ, आलेही. वरण-पोळीवर तूप पडलं आणि लाईन गेली. कूलर थांबला. साहेब सोबत आणलेल्या अहवालानंच वारा घ्यायला लागले.

"साहेब, कूलर पायजे ना आता?" बाईंनी विचारलं. "पण तुमच्या तक्त्यात तुमाले काहीच नाही पायजे!"

साहेब खळखळून हसले. पटतंय म्हणाले, पण मोजलेलंच धरायचं ही पद्धत आहे, अहवालावर तेवढी सही करा, असंही म्हणाले. बाईंनी त्यांना आग्रहानं आणखी एक पोळी वाढली, सही मात्र केली नाही. पुढच्या समितीत त्यांचं नाव नव्हतं. एका सहीनं काय बिघडलं असतं, असं कॉलेजात सगळे कुजबुजत. "माह्या लोकायले भूक नाही, असं मी लिहून देऊ?" एवढंच त्या बोलल्या.

बाई गेल्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांची फार आठवण येते. आता त्या समितीवर मी आहे. परवा नवा अहवाल समोर आला. संगणक नवे, आलेख देखणे, आणि खेड्यांच्या दुपारी तेच शून्य. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. कागद माझ्यापुढे सरकला.

"काहून?" माझ्या तोंडून निघालं.

तिथं कुणालाच तो शब्द कळला नाही. मी पेनाला टोपण लावलं, खुर्ची पुढे ओढली आणि समजावून सांगायला सुरुवात केली.