टोमॅटोऐवजी आलुबुखार

घड्याळं दुरुस्त करण्यात ज्याचा उभा जन्म गेला, त्या म्हाताऱ्याने सत्तरीपर्यंत साधा चहाही केला नव्हता. मग बायकोचं विसरणं वाढलं, गॅस पेटलेलाच राहू लागला, आणि स्वयंपाक त्याच्या गळ्यात पडला. तो नेटाने शिकला, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. दोन घास खाल्ले, की तोंड फिरवायची.

एका दुपारी त्याने सूप करायला घेतलं, तर घरात टोमॅटोच नव्हते. तिला एकटं सोडून बाजारात जाणं शक्य नव्हतं. लेकीने आणलेले आलुबुखार पडून मऊ झाले होते. तेच त्याने चिरून टाकले. वर घाईत मिरपुडीऐवजी दालचिनीची पूड पडली. त्याने कपाळाला हात लावला.

पण तिने वाटी चाटूनपुसून संपवली. "आणखी आहे का?" तिने विचारलं. कित्येक महिन्यांत तिने काही मागितलं नव्हतं. त्याने पुन्हा वाटी भरली. तीही संपवून, परक्या माणसाशी बोलावं तसं ती म्हणाली, "तुमची बायको सुगरण आहे हो. मला शिकवेल का?"

"विचारतो तिला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने लेकीकडून आलुबुखार मागवले आणि सगळं अगदी तसंच केलं. तिने वाटी दूर सारली. आठवडाभर तो रोज करत राहिला, आणि गार झालेलं सूप ओट्याशी उभ्याने स्वतःच पीत राहिला. त्याला ते मुळीच आवडत नव्हतं.